मिथेनभक्षी जिवाणू : सामर्थ्य आणि मर्यादा



१७७६ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठी अलेस्सांद्रो व्होल्टा हा शास्त्रज्ञ काठीने तळाचा गाळ ढवळीत होता. वर येणारे बुडबुडे त्याने बाटलीत धरले आणि तो वायू ज्वालाग्राही असल्याचे त्याला आढळून आले. पुढे त्यास मिथेन हे नाव मिळाले. गोबरगॅसच्या चुलीत जळतो तो मुख्यतः हाच वायू. प्राणवायू न पोहोचणाऱ्या चिखलात, गुरांच्या पोटात आणि कचऱ्याच्या ढिगांच्या गाभ्यात सूक्ष्मजीव तो निर्माण करीत असतात.

चुलीत उपकारक असणारा हा वायू मोकळ्या हवेत सुटला म्हणजे उपद्रवी ठरतो. वीस वर्षांच्या कालावधीचा हिशेब धरला, तर उष्णता कोंडण्याची त्याची शक्ती तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट भरते. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत हवेतील त्याचे प्रमाण अडीच पटींहून अधिक झाले आहे. तथापि, तो हवेत सरासरी दहा-बारा वर्षेच टिकतो. त्याला आवर घातला तर त्याचे फळ एका पिढीच्या आतच पदरी पडेल.

निसर्गाने यावर एक उतारा फार पूर्वीच सिद्ध करून ठेवला आहे. १९०६ साली हॉलंडमधील सॉन्गेन या संशोधकाने मिथेनवरच जगणारा जिवाणू वेगळा करून दाखविला. मिथेनचा रेणू मोठा हट्टी. तो सहजासहजी फुटत नाही. हे जिवाणू मात्र तांबे अथवा लोह धारण करणाऱ्या विकराच्या साह्याने, साध्या तापमानात, प्राणवायूशी त्याचा संयोग घडवितात. त्यातील काही कार्बन त्यांच्या देहात सामावतो आणि उरलेला कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो. तोही तापवणाराच, परंतु मिथेनहून पुष्कळ सौम्य.

भाताच्या मुळांभोवती वसणारे असे जिवाणू चिखलातील मिथेनचा काही वाटा वरच्यावर गिळून टाकतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने भारतीय भातखाचरांतून असे अनेक जिवाणू वेगळे केले. त्यांतील एकाचा आकार काकडीसारखा, म्हणून त्याचे नावही मेथिलोक्युक्युमिस.

मग या जिवाणूंकडून सारे वातावरणच का धुऊन घेऊ नये? अडचण विरलतेची आहे. हवेच्या दहा लाख भागांत मिथेनचे भाग जेमतेम दोन. एवढ्याशा शिध्यावर बहुतेक जातींचा निभाव लागत नाही. नॉर्वेतील ट्रोम्सो येथील कचराभूमीच्या मातीत सापडलेला एक जिवाणू केवळ हवेवर जगू शकतो, असे २०१९ साली सिद्ध झाले. पण त्याची वाढ अतिशय मंद. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली दहा लाखांत ५०० भाग मिथेनवर जोमाने वाढणाऱ्या जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली. तेवढे प्रमाण मोकळ्या आकाशात नाही. ते कचराभूमी, कोळशाच्या खाणी यांसारख्या उगमस्थानांजवळच मिळते.

या संशोधनाचा बोध येथेच आहे. थेंबाने गेलेली हौदाने येत नाही, तशी हवेत पांगलेल्या वायूची गत. कचऱ्यावर कंपोस्टचा थर देऊन त्यात हे जिवाणू नांदविणे, भातखाचरातील पाणी मधून मधून आटू देणे, हे उपाय उगमापाशीच लागू पडतात. जंगलांच्या आणि माळरानांच्या कोरड्या मातीतील जिवाणू आजही दरवर्षी सुमारे तीन कोटी टन मिथेन विनामोबदला पचवितात. ती माती नांगरली, तिच्यावर नत्रखतांचा मारा झाला, की त्यांची ही शक्ती खालावते. नव्या सेवकांच्या शोधात या जुन्या सेवकांना देशोधडीला लावणे शहाणपणाचे नव्हे.

जिवाणू माणसाचे साहाय्यक होऊ शकतील. त्याच्या बेपर्वाईचे जामीन मात्र ते होऊ शकणार नाहीत. एवढे भान राखले तर या अदृश्य जीवांवर ठेवलेला विश्वास अनाठायी ठरणार नाही.