यशवंतीची गोष्ट
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि "जनावरांच्या गमतीजमती सांग, रडवू नकोस" अशी ताकीदही दिली आहे. जनावरांचा डॉक्टर म्हटला की लोकांना गमती हव्या असतात. आज मात्र एकच गोष्ट सांगतो. ती फारशी गमतीची नाही, पण आपल्या शाळेची आहे आणि खिडकीतून दिसणाऱ्या सिंहगडाची आहे.

आठवीत इतिहासाच्या सरांनी तानाजी मालुसऱ्यांचा धडा शिकवला, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. सरांनी फळाभर कडा काढला आणि त्यावर खडूनेच एक घोरपड चिकटवली. तिच्या कमरेला दोर. 4 फेब्रुवारी 1670 ची काळोखी रात्र, वर उदेभान राठोड, खाली मावळे. पहिल्यांदा यशवंती अर्ध्या कड्यावरून माघारी फिरते, तानाजी तिला दरडावतात, मग ती जी चढते ती वर जाऊन घट्ट बसते. घंटा झाली तरी कोणी जागचे उठले नव्हते.

त्यानंतर आम्हा चार पोरांच्या डोक्यात एकच किडा शिरला. घोरपड खरेच माणसाचे वजन पेलते का? नववीच्या उन्हाळ्यात ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीच्या कठड्यात आम्हाला एक सापडली. पोत्यात घालून धरली, कमरेला सुतळी बांधली आणि विहिरीच्या भिंतीवर सोडली. ती दगडांच्या फटीत शिरली आणि अंग फुगवून बसली. आम्ही ओढली. ती सुटेना. आम्ही आनंदाने ओरडलो, "यशवंती!" मग चौघांनी मिळून ओढली. ती सुटली तेव्हा तिच्या पुढच्या पायांची नखे उपटली होती आणि दगडावर रक्ताचे ठिपके होते.

सुतळी धरणाऱ्या आमच्यातल्या एकाने हात सोडला आणि तो रडायला लागला. "सोडून द्या रे तिला," म्हणाला. मी त्याला काय म्हणालो ते या व्यासपीठावरून सांगता येणार नाही. तेवढ्यात रस्त्याने एक माणूस चालला होता. तेलासाठी त्याला घोरपड हवी होती. त्याने वीस रुपये देऊ केले. सौदा मी केला. पैसे मी घेतले. भेळही मीच वाटली. रडणाऱ्याने ती खाल्ली नाही, आणि त्या दिवसानंतर तो माझ्या बाकावर बसला नाही.

पुढे मी पशुवैद्यक झालो. माझे रोजचे काम गाईम्हशींचे, पण वनखात्याने पकडलेली, जखमी झालेली जनावरेही माझ्याकडे येतात. पाठीवर पाय आवळून बांधलेली पहिली घोरपड टेबलावर आली, तेव्हा मला विहीर आठवली. त्यानंतर मी या प्राण्याविषयी जमेल तेवढे वाचत गेलो.

आपल्याकडची घोरपड शेपटीसकट पावणेदोन मीटरपर्यंत वाढते. त्यातला निम्म्याहून जास्त भाग शेपटीचाच. वजन फार तर सहा-सात किलो. बहुतेक सरड्यांना पळताना नीट श्वास घेता येत नाही, म्हणून ते थोडे पळतात आणि थांबतात. घोरपडीचे कूळ मात्र गळ्याच्या भात्याने हवा फुफ्फुसांत ढकलते आणि दम टिकवते. किडे, भुंगेरे, उंदीर, खेकडे, मेलेली जनावरे हे तिचे अन्न. म्हणजे शेताची राखण आणि रानाची साफसफाई दोन्ही. ती पकडीची पक्की आहे, हे शंभर टक्के खरे. पण फटीत ती घट्ट बसते ती स्वतःचा जीव वाचवायला. सांगितल्या जागी जाऊन बसणे आणि सांगितल्यावर सुटणे, हे तिला कोणी शिकवू शकत नाही.

मग गडावर काय घडले? कृष्णाजी अनंत सभासदांची बखर 1697 च्या सुमारास लिहिली गेली. त्यात घोरपड नाही. निवडक मावळे वानरांसारखे कडा चढून गेले आणि त्यांनी वरून बाकीच्यांची सोय केली, असा तिचा आशय आहे. घोरपड आपल्याला भेटते ती तुळशीदास शाहिरांच्या पोवाड्यात. आणि ही कथा एकट्या सिंहगडाची नाही. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या परंपरेत तीच कथा खेळण्याच्या किल्ल्याची, म्हणजे आजच्या विशाळगडाची आहे, आणि तीही बहामनी काळातली, तानाजींच्या दोनशे वर्षे आधीची. त्यांचे आडनावच त्यावरून पडले, असे ते घराणे सांगते.

म्हणून सरांनी खोटे शिकवले का? नाही. पोवाडा ऐकल्याशिवाय आपण गडावर गेलोच नसतो. पण पुढे मी तानाजी कड्याखाली उभा राहिलो, वर पाहिले आणि मला वाटले, रात्री, थंडीत, हाताच्या बोटांवर हा कडा चढणारी ती माणसे कोण होती? त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्या वाट्याचा पराक्रम आपण घोरपडीला दिला. आणि घोरपडीला काय दिले? वीस रुपये.

ते अजून संपलेले नाही. तेलासाठी, मांसासाठी ती मारली जाते. 'हत्थाजोडी' नावाची एक चमत्कारी मुळी घरात ठेवली की पैसा येतो म्हणून विकतात. ती मुळी नसते, नर घोरपडीचे वाळवलेले जननांग असते. चांगली शिकलेली माणसे ते लाल कापडात गुंडाळून तिजोरीत ठेवतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे. शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. आम्ही विहिरीवर गेलो तेव्हाही कायदा होताच. आम्हाला फक्त गोष्ट माहीत होती.

तुमच्यातले बरेच जण आता नातवंडांना घेऊन गडावर जातात. पिठलं-भाकरी खा, दही खा, तानाजींच्या समाधीपुढे नमस्कार करा. यशवंतीची गोष्टही जरूर सांगा. एवढेच जोडा की कडा माणसांनी चढला, आणि घोरपड अजून खालच्या झाडीत आहे, तिला तिथे राहू द्यायचे. कुठे पकडलेली, अडकलेली दिसली तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

आता शेवटचे. ज्याने सुतळी सोडली होती, तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही. मित्रा, त्या दिवशी चौघांत शहाणा एकटा तू होतास. घोरपडीची माफी मागायला मला उशीर झाला. तुझी आज मागतो. जेवणाच्या वेळी माझ्याशेजारी जागा ठेवली आहे. भेळ नाही, श्रीखंड-पुरी आहे.