घरच्या रुग्णसेवेतील नुकसानभरपाईचे तंटे



आपल्यातील कितीतरी भगिनी आज शहरातल्या घरांत आजारी आणि वृद्ध माणसांची सेवा करतात. बारा-बारा तासांची पाळी असते. अशा कामात घरातल्या वस्तू हाताळाव्याच लागतात आणि त्यातली एखादी कधीतरी बिघडते. अभ्र्यात राहिलेले कानाचे यंत्र धुण्यात जाते, कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगते, हवेच्या गादीला टाचणी लागते. मग महिनाअखेर पगार हातात पडतो तो कापून. किती कापले, कशावरून कापले, हे विचारायची सोय नाही. विचारले की 'चोरी' हा शब्द बाहेर येतो.

नुकसान वेगळे आणि चोरी वेगळी. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. जुन्या भारतीय दंड संहितेत तसे होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तसेच आहे. विनयपिटकातही चोरण्याचे चित्त नसेल तर अदिन्नादानाचा दोष लागत नाही.

आता कपातीविषयी. 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमाने कारखानदारालाही मनमानी कपात करू दिली नव्हती. नुकसान कामगाराच्याच हयगयीने झालेले असावे, त्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी आणि कपात नुकसानीच्या रकमेपेक्षा जास्त नसावी, असे बंधन होते. 2019 च्या वेतन संहितेनेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. 1936 चा कायदा घरकामासाठी नव्हता हे खरे. पण कारखान्यात जो अन्याय ठरतो, तो कुणाच्या घरात न्याय कसा ठरेल?

रकमेचेही तसेच. पाच वर्षे वापरलेल्या मिक्सरची भरपाई नव्या मिक्सरच्या भावाने मागतात. आम्ही बँकेत खुर्च्या-टेबलांनाही दरवर्षी घसारा लावतो! वस्तू दुरुस्त होत असेल, तर दुरुस्तीची पावती पाहूनच बोलावे.

हयगय कुणाची, हा प्रश्न मात्र नीट तपासला पाहिजे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, वेळेवर सुट्टी देणे ही त्यांत येतात. दिवसपाळी करून पुन्हा रात्री थांबवून घेतलेल्या बाईच्या हातून पहाटे काचेचे भांडे निसटले, तर ती हयगय एकट्या तिचीच म्हणायची का? वजनदार रुग्णाला एकटीने उचलायला लावले आणि धक्क्याने टेबलावरचे यंत्र पडले, तर?

रुग्णाच्या घरच्यांची बाजूही ऐकली पाहिजे. कवळी फुटली की म्हातारा माणूस जेवणाला मुकतो. फुटलेली वस्तू गुपचूप कपाटात सरकवून ठेवणे मला मुळीच मान्य नाही. त्याच दिवशी सांगावे. त्याच सुत्तात सेवकाचीही कर्तव्ये आहेत, हे आपण सोयीस्करपणे विसरू नये. आणि ब्युरोने बाई पाठवून कमिशन घेतले असेल, तर ब्युरोलाही या बोलण्यात बसवावे. तो बहुधा कमिशनपुरताच दिसतो!

भिक्खुसंघातील वाद मिटवण्याच्या सात रीतींपैकी पहिली सम्मुखाविनय. म्हणजे निर्णय संबंधितांच्या समक्ष. आपल्या संस्थेला हे सहज जमेल. तंटा झाला की दोन जाणती माणसे, त्यांत एक महिला, दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवतील. वस्तू पाहतील, पावती पाहतील आणि ठरले ते लिहून दोघांच्या सह्या घेतील. भरपाई ठरलीच तर हप्त्याने, घरखर्च भागेल अशी.

तोडगा न निघाल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींना मोफत कायदेविषयक मदतीचा हक्क आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक काम आहे. तुमची आई किंवा मावशी नव्या घरी कामाला लागेल, त्या दिवशी तिच्या ताब्यात दिलेल्या वस्तूंची यादी तिला लिहून द्या. कोणती वस्तू आधीच तडकलेली होती, तेही त्यात लिहा. एक प्रत घरमालकाकडे, एक तिच्याकडे. जयभीम!