आई-बाबांना नॅशव्हिल दाखवताना

लोकलमध्ये, बसमध्ये, भांडी घासताना, कुठंही ऐकत असाल तर हेडफोनचा आवाज आधी जरा कमी करा. का, ते बोलता बोलता येईलच.

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न खूप जणांनी विचारला. आई-बाबा अमेरिकेत येतायत, न्यूयॉर्क आणि नायगारा सोडून त्यांना काय दाखवू? आता मी राहते नॅशव्हिलला. टेनेसी राज्य, अमेरिकेचा दक्षिण भाग. मूळची सांगलीची, बीटेक तिथलंच, इथे हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत कोड लिहिते. गेल्या मे महिन्यात आई-बाबा तीन आठवडे माझ्याकडे होते. त्यांना कुठं नेलं, काय जमलं, काय पार फसलं, ते सांगते.

फसलं तिथून सुरू करू. नॅशव्हिलला 'म्युझिक सिटी' म्हणतात आणि पाहुणा आला की सगळे त्याला पहिल्यांदा ब्रॉडवेवर नेतात. नदीच्या काठापासून वर जाणारा हा रस्ता, दोन्ही बाजूंना निऑनच्या पाट्या आणि एकाला एक चिकटून बार. त्यांना 'हाँकी टाँक' म्हणतात. सकाळी दहा-अकराला गाणं सुरू होतं ते मध्यरात्र उलटेपर्यंत. आत जायला तिकीट नसतं. बँडचं पोट बरंचसं टिपवर चालतं, म्हणून मधूनच एकजण बादली घेऊन टेबलांमधून फिरतो. फर्माईश करायची तर नोट टाकायची. आईनं हे दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही तर दौलतजादा!" याच्यापुढे मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

पण बाबा. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षं मेकॅनिक होते, आता रिटायर. गाण्याचं वेड आधीपासून, भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मला वाटलं, हा माणूस इथे खूश होणार. तर ते नुसते बसून राहिले. खाली एक बँड, वरच्या मजल्यावर दुसरा, उघड्या खिडकीतून शेजारच्या बारचा तिसरा. मी विचारलं, "बाबा, आवडलं का?" ते हसून म्हणाले, "हो हो, बरं बरं." मी म्हणाले, "काही खाणार?" "हो हो, बरं बरं." मेनू पुढं केला तर तो उलटा धरला. माझं डोकं सटकलं. एवढी सुट्टी काढली, पार्किंगला पैसे मोजले, आणि हे असे पाव्हण्यासारखे बसलेत. घरी येताना मी गाडीत एक शब्द बोलले नाही.

हे 'बरं बरं' मला जुनं होतं. त्याचं सांगते, पण आधी जेवण, कारण दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला गेलो आणि तिथून गाडी रुळावर आली.

नॅशव्हिलचं खरं घरगुती जेवण म्हणजे 'मीट अँड थ्री'. ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं, गरम भांड्यांमागे वाढणारी बाई उभी असते, तिला एक मांसाचा प्रकार आणि तीन भाज्या सांगायच्या. सोबत मक्याच्या पिठाचा कॉर्नब्रेड. थेट आपल्या खाणावळीसारखं. आणि गंमत म्हणजे इथे मॅकरोनी-चीजसुद्धा 'भाजी'च्या यादीत असतं! माझी आई माळकरी. तिच्यासाठी 'व्हेजिटेबल प्लेट' मिळते, मांस वगळून चार भाज्या. पण लक्षात ठेवा, नुसत्या नावावर जाऊ नका. टर्निपचा पाला आणि फरसबी इथे पुष्कळदा डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवतात. वाढणाऱ्या बाईला स्पष्ट विचारायचं. मी विचारलं, तर तिनं स्वतःच दोन भांड्यांकडे बोट करून मान हलवली, "नॉट फॉर युवर मामा." आईला मिळाली तळलेली भेंडी, रताळं, लाल भोपळ्याच्या नात्यातली स्क्वॉशची भाजी आणि ते मॅकरोनी. तिनं पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली, कॉर्नब्रेड कुस्करला आणि म्हणाली, "साखर कमी घातली असती तर भाकरी म्हणून खपली असती."

बाबांना 'हॉट चिकन' खायचं होतं. तळलेल्या कोंबडीवर लाल मिरचीच्या पुडीचं तेल चोपडतात, खाली साधा पांढरा ब्रेड, वर काकडीच्या लोणच्याच्या चकत्या. मूळ कथा अशी सांगतात की 1930 च्या दशकात थॉर्नटन प्रिन्स नावाचा गृहस्थ रात्रभर बाहेर राहून सकाळी घरी आला. त्याच्या मैत्रिणीनं सूड म्हणून कोंबडीत बेसुमार तिखट घातलं, आणि त्याला ते इतकं आवडलं की पुढं त्याचं दुकान झालं. खरंखोटं त्या बाईलाच ठाऊक. बाबांनी घाम पुसत निकाल दिला, "तिखट आहे, पण मसाला नाही." पश्चिम महाराष्ट्राचा माणूस, दुसरं काय म्हणणार.

मधल्या दिवसांत बाकीचं केलं, ते भराभर सांगते. सेंटेनियल पार्कमध्ये अथेन्सच्या पार्थेनॉनची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, 1897 च्या प्रदर्शनासाठी उभारलेली. आत 42 फुटी अथेना. आईनं आधी विचारलं, "देवीच आहे ना?" आणि हात जोडले. त्याच बागेत वसंतात आणि शरदात वीकेंडला फुकट मैफली होतात, चटई आणि डबा घेऊन जायचं, लहान मुलं असतील तर हेच उत्तम. रायमन ऑडिटोरियम दिवसा पाहिलं. 1892 ची इमारत, मुळात प्रार्थनेसाठी बांधलेली, म्हणून अजून खुर्च्यांऐवजी चर्चमधले लाकडी बाक. 'ग्रँड ओल ऑप्री' हा 1925 पासूनचा रेडिओवरचा कार्यक्रम 1943 ते 1974 इथूनच व्हायचा. आणि फिस्क विद्यापीठावरून गेलो. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांच्या या शाळेला पैसे उभे करायला 1871 मध्ये तिथली मुलं गात दौऱ्यावर निघाली होती. या शहराच्या गाण्याचा हा भाग ब्रॉडवेवर फारसा दिसत नाही. जवळच्या जेफरसन स्ट्रीटवर कृष्णवर्णीयांचे कितीतरी क्लब होते, 1960 च्या दशकात हायवे त्या वस्तीतूनच काढला आणि ते गेलं. हे पाहुण्यांना सांगायलाच हवं असं मला वाटतं.

आता रविवार. 'स्टेशन इन' नावाची एक बुटकी दगडी इमारत आहे. क्लब 1974 पासूनचा, आजूबाजूला काचेचे टॉवर उठलेत आणि मध्ये ही. आम्ही गेलो त्या रात्री ब्लूग्रासचा जॅम होता, तिकीट नव्हतं. ब्लूग्रास म्हणजे बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि उभा मोठा बास. ड्रम नसतात. बिल मन्रोच्या बँडमध्ये 1945 साली अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन आला तेव्हापासून हा बाज पक्का झाला, असं मानतात. दहा-बारा जण गोल करून बसले होते. एकानं चाल उचलायची, बाकीच्यांनी धरायची, मग नजरेनं पाळी पुढच्याकडे द्यायची. मँडोलिनवाला ठेक्याला 'चप चप' असा आवाज काढतो, तो अगदी टाळासारखा. आणि मुख्य म्हणजे लोक ऐकायला आलेले असतात, कुणी गप्पा मारत नाही.

तिसऱ्या गाण्याला मी पाहिलं, बाबांची बोटं मांडीवर चालत होती. पेटीची बोटं. ते पुढे झुकून म्हणाले, "फिडलवाला पुढच्या ओळीला आधीच तयार असतो बघ." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "दोन वर्षांनी नीट ऐकू आलं काहीतरी."

मी म्हणाले, "म्हणजे?"

भजनाला जाणं त्यांनी दोन वर्षांपूर्वी सोडलं होतं. घरी सांगितलं होतं की गुडघे दुखतात, मांडी घालून बसवत नाही. गुडघे ठणठणीत होते. गाणारा ओळ कधी सोडतो तेच त्यांना कळेना, पेटी मागे पडायला लागली, कुणी काही बोलायच्या आत ते स्वतःच घरी बसले.

आता त्या 'बरं बरं'कडे येते. त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये माझी नोकरी गेली होती. दुसरं शहर, दुसरी कंपनी, पंधरा मिनिटांची मीटिंग, लॅपटॉप बंद. एच-वन-बी व्हिसावर असाल तर माहीतच आहे, नवीन नोकरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस. मी आईला सांगितलं नाही, ती झोपली नसती. फक्त बाबांना फोन केला. रस्त्यावर उभी राहून रडत सांगितलं. पलीकडून आलं, "छान, छान. बरं. जेवलीस का?" मी फोन ठेवला. नॅशव्हिलची नोकरी 47 व्या दिवशी मिळाली, पण वर्षभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

त्या रात्री गाडीत मी विचारलं, "बाबा, मार्चमधला माझा फोन आठवतो?" त्यांनी हात पुढे करून एसीचा पंखा बंद केला आणि म्हणाले, "आता बोल." आई मागच्या सीटवर होती. मी सगळं सांगितलं, सावकाश, मोठ्यानं, एका सिग्नलवर दोनदा. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "किती दिवस?"

"सत्तेचाळीस."

"एकटीच होतीस?"

मी हो म्हणाले. मागून आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो घर येईपर्यंत काढला नाही.

थोडं तांत्रिक सांगते, कारण तुमच्याही घरी कुणी 'बरं बरं' म्हणत असेल. सतत यंत्रांच्या आवाजात काम केलं की आधी वरच्या फ्रिक्वेन्सी जातात, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. 'स', 'श', 'फ' असली व्यंजनं वर असतात, ती गळतात. म्हणजे आवाज येतो, शब्द येत नाही, आणि माणूस अंदाजानं उत्तर देतो. गोंगाटात तर काहीच हाती लागत नाही. त्यात जुन्या पद्धतीचा साधा फोनकॉल 3400 हर्ट्झच्या वरचं सगळं कापतोच. मी इंजिनिअर, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. अमेरिकेत ऑक्टोबर 2022 पासून मोठ्या माणसांच्या सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी कानाचं मशीन चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतं. पण बाबांनी ते घेऊ दिलं नाही, म्हणाले सांगलीला जाऊन डॉक्टरांना दाखवतो. मला वाटलं टाळतायत. पण गेल्यावर आठवड्यात ऑडिओमेट्री केली, रिपोर्टचा फोटो पाठवला. आलेख 4000 ला सरळ दरीत उतरलेला.

आता मशीन आहे. दिवसभर घालत नाहीत, फ्रिजचा आवाज फार येतो म्हणतात. आम्ही व्हिडिओ कॉल करतो, मी खिडकी लावून घेते, तोंडासमोर हात धरत नाही. गेल्या एकादशीला त्यांनी मंडळातलं रेकॉर्डिंग पाठवलं. पेटी त्यांची. एका ठिकाणी मागे पडली, लगेच सावरली. खाली मेसेज होता: "टाळवाले फार जोरात वाजवतात. शेवटच्या अभंगाला मशीन काढून खिशात ठेवलं."