नाताळची सुटी कोणाकोणाची?

(नाताळपूर्व कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘नाताळची सुटी आणि कुटुंब’. हे ऐकून माझे यजमान हसले. म्हणाले, “हा विषय तुला कोणी दिला?” त्यांचे खरे आहे. आमच्या घरी 20 तारखेपासून करंज्या, शंकरपाळे, चिवडा सुरू होतो. रात्री कॅरल गाणारी मुले येतात, त्यांचा चहा. 24 ला मध्यरात्रीची उपासना आणि 25 ला वीस-बावीस माणसांचे जेवण. संध्याकाळी सगळे अंताक्षरी खेळत बसायचे, आणि मी ओट्याशी पातेली घासत बाहेरची गाणी ऐकायची. (मार्थेवर मी आज बोलणार नाही. तिच्यावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत, आणि ते ऐकून घरी गेल्यावर स्वयंपाक आपणच केला आहे.)

माझे काम नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरच्या बाजूला आहे. तिथल्या पाड्यांवरची पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, बारडोलीकडे. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, आणि ती तोडलेल्या उसाच्या टनावर फिटायची असते. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी उचल फिटत नाही. शिवाय तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर कमी होते, म्हणून हंगामात कारखाना थांबत नाही. 25 डिसेंबरलाही नाही. शाळेतली मुले आजीजवळ गावी, आई-बाप पडावावर. आमच्या बऱ्याच विश्वासी कुटुंबांचा नाताळ असा दोन राज्यांत वाटलेला असतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका पडावावर नाताळ साजरा करायला गेलो. गाडीत ब्लँकेटे, मिठाई, ध्वनिक्षेपक, एक छोटी नाटिका. संध्याकाळी सात वाजता सुरू केले. प्रास्ताविक झाले, पाहुण्यांची ओळख झाली, मग माझा संदेश. मी चांगला तयार केला होता. मध्येच पुढे बसलेली एक बाई हळूच म्हणाली, “ताई, अजून किती आहे? पहाटे चारला उठायचंय.” तिच्या मांडीवरचे लेकरू झोपले होते, तिचेही डोळे मिटत होते. मेंढपाळांना देवदूताने रात्रपाळीवर असताना गाठले, हे खरे. पण त्याचा संदेश माझ्यापेक्षा खूपच लहान होता.

परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. मला शब्बाथाची आज्ञा आठवत राहिली. ती शास्त्रात दोनदा येते. निर्गमाच्या 20 व्या अध्यायात कारण दिले आहे की देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या 5 व्या अध्यायात कारण वेगळे आहे: तुम्ही मिसर देशात दास होता, म्हणून तुमच्या दासाला आणि दासीलाही तुमच्यासारखाच विसावा मिळू द्या. डिप्लोमाला असताना हा फरक मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, दास-दासी, बैल, गाढव, परकासुद्धा आहे. बायकोचा उल्लेख नाही. मी असे धरते की ‘तू’ म्हटले त्यातच ती आली, पण आपल्या घरांत सोयीचा अर्थ लावला गेला असावा.

पुढच्या वर्षी जायच्या आधी आम्ही विचारले, तुम्हाला काय हवे? ब्लँकेट कोणीच मागितले नाही. बायका म्हणाल्या, “पोरांना आणा.” पुरुष म्हणाले, एक दिवस मोकळा मिळाला तर बघा.

दिवस मिळवणे अवघड होते. शेवटी तोड त्यांनी स्वतःच काढली. शेजारच्या पडावावरच्या टोळीला उत्तरायणाला, म्हणजे 14 जानेवारीला, सुटी हवी होती. ठरले असे की नाताळला त्यांनी यांच्या वाटच्या गाड्या भरायच्या आणि उत्तरायणाला यांनी त्यांच्या. मुकादमाने तीन दिवस लावले, मग मान हलवली. आमच्याकडे फक्त तिकिटे काढण्याचे काम उरले. नवापूरहून ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने 11 मुले आणि 3 आज्या घेऊन आम्ही निघालो. सोनगड, व्यारा, बारडोली. गाडीत एका आजीने कोणालाच खिडकी मिळू दिली नाही, ती स्वतः तिथे बसली.

पडावावर प्रार्थना झाली दहा मिनिटे. एक गीत त्यांच्या मावची बोलीत. मग काहीच कार्यक्रम नव्हता, आणि खरे सांगते, पहिला तासभर मला काय करावे सुचेना. ते मात्र रमले होते. कोंबडी शिजत होती. एक बाप मुलाच्या वहीतली पाने उलटत बसला होता. त्याला वाचता येत नव्हते, पण प्रत्येक पान पाहत होता. मुली आईच्या केसांतून कंगवा फिरवत होत्या. म्हाताऱ्या उन्हात पाय पसरून गावच्या बातम्या सांगत होत्या, कोणाची म्हैस व्याली, कोणाचे भांडण मिटले.

चौथीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. त्याची आई जेवण झाल्यावर ताडपत्रीच्या झोपडीत आडवी झाली ती दोन तास उठलीच नव्हती. एवढ्या लांबून भेटायला आला आणि आई झोपलेली. मी म्हटले, “उठवू का तिला?” तो म्हणाला, “नको.” आणि परत जाऊन तिच्या उशाशी बसला, हाताने माश्या हाकत. परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत तो तिथेच होता.

त्या वर्षापासून आमच्या घरीही फरक पडला आहे. 25 ला मी पडावावर असते, म्हणून घरचे एकत्र जेवण आता 27 ला असते. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एक पदार्थ आणायचा. भांडी भाचे आणि जावई घासतात. सासूबाईंना सुरुवातीला हे पटले नाही. जावयाच्या हातात घासणी पाहून त्या दोन वर्षे आत जाऊन बसल्या. गेल्या वर्षी बाहेर आल्या आणि पातेल्याचा तळ नीट निघाला नाही, एवढेच म्हणाल्या. अंताक्षरीत मी पहिल्यांदाच सुरुवातीपासून होते. हरलो.

यंदा पडाव दोन आहेत, मुलेही जास्त आहेत. 25 च्या सकाळच्या पॅसेंजरला मोठी माणसे कमी पडतात. लहान मुलांचा हात धरायला, आज्यांच्या पिशव्या उचलायला कोणी हवे. ज्यांना यायचे असेल त्यांनी सभेनंतर माझ्याकडे नाव द्यावे. डबा आपला आपण आणायचा. आणि कृपा करून भाषण तयार करून आणू नका.