तळ्याचं पाणी, बसचं बाकडं
(रिसोड येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



वैशाख तापलाय. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी आज पाण्याचा विषय निघालाच असेल. म्हणून पाण्याच्याच एका हिशेबापासून सुरुवात करतो. मार्च १९२७ मध्ये महाडला बहिष्कृतांची परिषद भरली, तेव्हा परिषदेला आलेल्यांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. गावात चवदार तळं होतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनंही तळं सर्वांना खुलं असल्याचं ठरावानं जाहीर केलं होतं. असे दोन-दोन ठराव हाताशी होते, आणि पाणी मात्र विकतचं.

आजचा विषय अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा हक्कलढा. तरी मी महाडपासून निघालो, कारण त्या लोकांच्या हातीही असाच कागद होता. १८६५ साली तिथली गुलामगिरी कायद्यानं संपली. १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनं कायद्याचं समान संरक्षण दिलं. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. इतक्या लांबून त्यांनी ती बातमी आपली मानली होती. पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी शाळा वेगळ्या केल्या, नळ वेगळे केले, आगगाडीचे डबे वेगळे केले. आणि १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ‘वेगळं पण समान’ म्हणत त्यावर शिक्का मारला.

माँटगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी रोझा पार्क्स बसमध्ये बसल्या होत्या. दुकानात शिवणकाम करून घरी चालल्या होत्या. गोऱ्यांच्या जागा भरल्या, तेव्हा ड्रायव्हरनं पार्क्सबाईंच्या ओळीतल्या चौघांना उठायला सांगितलं. तिघं उठले, या उठल्या नाहीत. दमलेल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, असं शाळेच्या पुस्तकांतून सांगतात. ते मला पटत नाही, आणि त्यांनी स्वतःही ते नाकारलं होतं. हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेचं काम त्या कित्येक वर्षं करत होत्या. त्यांना अटक झाली, आणि त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेनं कॉलेजात सायक्लोस्टाईलवर हजारो पत्रकं काढली. सोमवारपासून काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस चालला. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बाया पहाटे उठून कामावर चालत गेल्या. मार्टिन ल्यूथर किंग यांची भाषणं जगानं ऐकली, ती ऐकण्यासारखीच होती; माझं मन मात्र त्या बायांच्या चपलांपाशी घुटमळतं. कामावर वेळेत पोचायचं, आणि बसमध्ये पाय ठेवायचा नाही. वर्षभर!

महाडलाही माणसं चालतच गेली. २० मार्चला परिषद आटोपत आली, तेव्हा अनंतराव चित्र्यांनी तळ्यावर जाण्याचं सुचवलं. सगळे रांगेनं निघाले. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, मागून बाकीच्यांनी. मग देवळात शिरणार अशी अफवा उठली, मंडपात जेवायला बसलेल्यांवर काठ्या पडल्या, आणि तळं पंचगव्यानं ‘शुद्ध’ केलं गेलं. आपलं वऱ्हाडही त्या वर्षी स्वस्थ नव्हतं. नोव्हेंबरात अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली, तिचे अध्यक्ष बाबासाहेबच होते.

दोन्हीकडची भांडणं कोर्टात गेली. माँटगोमेरीच्या खटल्यात फिर्यादी चार स्त्रिया होत्या. त्यांतल्या क्लॉडेट कोल्व्हिनला पार्क्सबाईंच्या नऊ महिने आधी, पंधराव्या वर्षी, जागा सोडली नाही म्हणून अटक झाली होती. १३ नोव्हेंबर १९५६ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला, चौदाव्या दुरुस्तीच्या आधारानं. आपल्याकडे त्याच्या महिनाभर आधी नागपूरला धम्मदीक्षा झाली होती. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. २१ डिसेंबरला माँटगोमेरीच्या बसमध्ये काळी माणसं हव्या त्या जागी बसली.

महाडचा निकाल त्याआधीचा, १७ मार्च १९३७ चा. दहा वर्षं लागली. हायकोर्टात बाबासाहेब जिंकले, पण कशावर? तळ्यावर अस्पृश्यांना बंदी ही अनादि काळापासूनची रूढी आहे, हे सवर्ण वादींना सिद्ध करता आलं नाही, म्हणून. माणूस म्हणून पाण्यावर हक्क आहे, असं म्हणायला कोर्टापुढे तेव्हा आधारच नव्हता. मला ही गोष्ट फार लागते. स्वतः बॅरिस्टर असलेल्या माणसाला ती किती लागली असेल!

अमेरिकेत हॉटेलं, खाणावळी, नाट्यगृहं यांची नावं घेऊन भेदभावाला मनाई करणारा देशव्यापी कायदा १९६४ साली झाला. आपल्याकडे असं कलम १९५० पासून आहे. वाचनालयात राज्यघटनेची प्रत मिळाली, तर कलम १५ काढा. त्याच्या दुसऱ्या भागात आधी दुकानं, उपाहारगृहं येतात. मग सरकारी पैशानं राखलेल्या सार्वजनिक जागांची यादी सुरू होते, आणि तिच्यात पहिली विहीर आहे, दुसरं तळं.