ती जागा आपल्या मुलीचीही आहे

(वणी, जि. यवतमाळ येथे युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, त्यामुळे मी इथे आयटीतल्या नोकऱ्यांबद्दल बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. त्यावर सांगणारे पुष्कळ आहेत. मी आज विद्यापीठातल्या एका जागेबद्दल बोलणार आहे. विषय आहे स्त्रीवादी माध्यम-अभ्यास, आणि जागा आहे त्या विषयातल्या संशोधन-गटाचं नेतृत्व करणाऱ्या तरुण प्राध्यापकाची. म्हणजे पीएचडी होऊन चार-पाच वर्षं झालेली, बत्तीस-तेहेतीस वर्षांची व्यक्ती. तिला स्वतःचा प्रश्न ठरवायचा अधिकार, सोबत दोन-तीन संशोधक आणि काही वर्षांचा निधी.

हा विषय म्हणजे नेमकं काय? बातमीत, मालिकेत, सिनेमात, रीलमध्ये बाई कशी दाखवली जाते, ते कोण ठरवतं, त्यातून पैसा कोण कमावतं, आणि पाहणाऱ्या बाईच्या हातातला मोबाइल खरोखर तिचा असतो का, याचा पद्धतशीर अभ्यास. वणीत हा विषय परका वाटायचं कारण नाही. लोकनायक बापूजी अणे याच गावात १८८० साली जन्मले, आणि 'लोकमत' त्यांनी यवतमाळात सुरू केलं. छापलेल्या शब्दात ताकद असते, हे या जिल्ह्याला फार आधी कळलं होतं.

आता आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' नावाचं अ‍ॅप समोर आलं. १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' आलं. मुस्लिम बायकांचे फोटो समाजमाध्यमांवरून उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला होता. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. आम्ही इंजिनियर लोक रोज कोड ठेवतो त्या गिटहबवर ही अ‍ॅप्स ठेवलेली होती. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने बुल्ली बाई प्रकरणात अटका केल्या. त्यात एकवीस वर्षांचा इंजिनियरिंगचा विद्यार्थी होता आणि विशीही न गाठलेली एक मुलगी होती.

माझ्या धंद्याच्या नजरेने पाहिलं तर त्या कोडमध्ये काही विशेष नव्हतं. फोटोंची यादी, एक बटण, आणि बटण दाबलं की यादीतला कुठलाही एक फोटो समोर. एका संध्याकाळचं काम. ते पान काढून टाकणंही सोपं. पण लिलावाचीच भाषा का सुचली? बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या बायकाच का निवडल्या? एक तरुण मुलगी यात का सामील झाली असेल? ज्यांचे फोटो लावले, त्यांच्या लिहिण्यावर, घरातल्या वागणुकीवर पुढे काय परिणाम झाला? याची उत्तरं माझ्या अभ्यासक्रमात नव्हती. ती शोधायला वेगळं शिक्षण लागतं, आणि त्या शिक्षणाच्या माणसाला बसायला विद्यापीठात जागा लागते.

दुसरं उदाहरण आपल्या आतलं आहे, आणि तेही तितकंच महत्त्वाचं. १९८२ साली जळगावात मुस्लिम बायकांनी थिएटरात सिनेमा पाहू नये अशी बंदी समाजातल्या पुढाऱ्यांनी घातली. रझिया पटेल तेव्हा तरुण होत्या. त्यांनी त्या बंदीविरुद्ध लढा उभा केला. पुढे पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेत त्यांनी संशोधनाचं काम केलं. बाई पडद्यावर काय पाहते, हा माध्यमाचा प्रश्न आहे आणि बाईच्या नागरिकत्वाचाही. जळगावच्या बायकांना तो कुठलंही पुस्तक न वाचता कळला होता.

ही दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवा. एकात बाहेरचे लोक आपल्या मुलींचे फोटो मांडतात, दुसऱ्यात आपलेच लोक तिने काय पाहायचं ते ठरवतात. मला हवी असलेली संशोधक या दोन्हींवर लिहील. ती फक्त पहिल्यावर लिहिणार असेल तरच टाळ्या वाजवू, असं आपण म्हणणार असू, तर आपल्याला संशोधक नको आहे, वकील हवा आहे.

अशी जागा आपल्याकडे होऊ शकते का? महाराष्ट्रात याचा पाया आहे. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात १९७४ साली नीरा देसाईंच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचं केंद्र सुरू झालं. पुणे विद्यापीठात १९८७ साली स्त्री-अभ्यास केंद्र आलं, आज ते क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने आहे. विद्युत भागवत यांनी ते उभं केलं. शर्मिला रेगे तिथे आल्या तेव्हा तिशीच्या आत होत्या. त्यांनी लावणी आणि पोवाड्यावर संशोधन केलं. कुठल्या जातीच्या बाईचं शरीर फडावर नाचतं आणि त्यावर सिनेमा कुणाचा चालतो, हा प्रश्न त्यांनी विचारला. तोही माध्यम-अभ्यासच. पुढे त्यांनी केंद्राचं नेतृत्व केलं. २०१३ साली त्या गेल्या, पण त्यांच्या हाताखाली शिकलेले आज शिकवत आहेत. तरुणपणी मिळालेल्या एका जागेतून इतकं होतं.

आता भरतीची पद्धत पाहू, कारण आपल्याकडे तिची माहिती फार कमी पोहोचते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या छाननीसाठी १०० गुणांचा तक्ता आहे. पदवी आणि पदव्युत्तर मिळून ४० पर्यंत, पीएचडीला ३०, नेट-जेआरएफला ७, शोधनिबंधांना प्रत्येकी २ असे कमाल १०, अनुभवाला १०, पुरस्कारांना ३. म्हणजे बारावीनंतरच्या पहिल्या वर्षाचे गुणसुद्धा पुढे दहा-बारा वर्षांनी मोजले जातात. मोहल्ल्यातल्या शंभर बायकांच्या मुलाखती घेतल्या, माहितीपट केला, याला या तक्त्यात वेगळा रकाना नाही. त्यामुळे ते काम शोधनिबंधात उतरवावं लागतं. जुलै २०२३ पासून या पदासाठी पीएचडी सक्तीची नाही, नेट किंवा सेट चालते. पण तीस गुण सोडून स्पर्धेत उतरणं कठीण आहे.

त्याच नियमावलीतली आणखी एक तरतूद लक्षात ठेवा. अर्जदारांत अल्पसंख्याक, महिला, मागासवर्गीय किंवा दिव्यांग उमेदवार असेल आणि निवड समितीत त्या गटातलं कुणीच नसेल, तर त्या गटाचा एक अभ्यासक कुलगुरूंनी समितीत घ्यायचा असतो. म्हणजे तुम्ही अर्ज केला, की समोर बसणाऱ्या समितीची रचनाही बदलू शकते. 'आपल्याला कोण घेणार' म्हणून अर्जच न करणं यासाठीही परवडत नाही.

पैशाचं काय? संशोधनासाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २००९ पासून होती, केंद्र सरकारने ती डिसेंबर २०२२ मध्ये बंद केली. हा मोठा फटका आहे आणि तो मागे घ्यावा ही मागणी सोडायची नाही. पण तोपर्यंत जेआरएफ आहे. जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये, घरभाडं वेगळं. वयाची अट तीस, मुलींना पाच वर्षांची सूट. नेटमध्ये 'स्त्री-अभ्यास' आणि 'जनसंवाद व पत्रकारिता' हे दोन्ही स्वतंत्र विषय आहेत. पेपर इंग्रजी किंवा हिंदीत असतो, म्हणून मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीने वाचनाची तयारी बीएपासूनच करावी.

विद्यापीठांकडूनही अपेक्षा आहेत. हा विषय दोन विभागांच्या मधला आहे. जाहिरातीत फक्त पत्रकारितेची पदवी मागितली तर स्त्री-अभ्यासातली मुलगी बाहेर, आणि उलटही. जाहिरातीत दोन्ही दारं उघडी हवीत. दुसरं, जागा कायम हवी. जून २०२४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेत निधी संपल्याच्या कारणावरून पन्नासहून अधिक प्राध्यापकांना नोकरी संपल्याच्या नोटिसा गेल्या. दोन दिवसांत त्या मागे घेतल्या गेल्या, पण अशा टांगत्या नोकरीत कोण कुणाला दुखावणारा प्रश्न विचारेल? विज्ञानात तरुण संशोधकाला इन्स्पायर फॅकल्टी योजनेत पाच वर्षं मिळतात. समाजशास्त्रांत आयसीएसएसआरची पीएचडीनंतरची फेलोशिप दोन वर्षांची असते. युरोपात पीएचडीनंतर काही वर्षांतच पाच वर्षांचा निधी आणि स्वतःचा गट देणाऱ्या योजना आहेत. स्वतःचा गट उभा करायला तेवढा वेळ लागतोच.

आता आपल्या घरात काय करायचं ते. मुलगी बीएला 'मास कम्युनिकेशन' घेते म्हटल्यावर 'त्यात काय ठेवलंय, डीएड कर' असं म्हणू नका. आधी हा तक्ता तिच्यासमोर ठेवा. पीएचडी साधारण तिशीच्या आसपास संपते, आणि त्याच वयात आपल्याकडे लग्नाची घाई सुरू होते. लग्न करायचं तर जरूर करा. पण निकाहाची बोलणी चालू असतानाच तिचं संशोधन चालू राहील आणि तिला दुसऱ्या शहरात राहावं लागेल, हे दोन्ही घरांनी स्पष्ट बोलून घ्या. भावांनो, हे बोलणं तुमच्यापासून सुरू होऊ शकतं. अब्बांसमोर बहिणीची बाजू मांडायला इंजिनियरिंगची पदवी लागत नाही.

आणि ती अभ्यासाला आपल्याच गावात आली, मोहल्ल्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बायका का बोलत नाहीत असं विचारू लागली, तर तिला बसायला खुर्ची द्या, चहा द्या आणि खरी उत्तरं द्या.

इथे बसलेल्या मुलींपैकी कुणाला अर्ज, अभ्यासक्रम, नेटचा फॉर्म यांबद्दल विचारायचं असेल तर मी कार्यक्रमानंतर थांबणार आहे. लॅपटॉप सोबत आहे, आजच बसून पाहू.