बाळाची वाटी आणि बाळाचे भांडे

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



या मेळाव्यात बोलण्यासाठी कार्यकारिणीने माझे नाव सुचविले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. कलाशाखेचा एक साधा पदवीधर आणि बँकेत लिपिक म्हणून काम करणारा माणूस आहे. परंतु मी दोन मुलांचा बाप आहे, आणि पहिल्या मुलीच्या वेळी ज्या चुका केल्या त्या दुसऱ्या मुलाच्या वेळी मोठ्या कष्टाने सुधारल्या. त्या चुका आपल्यापुढे मांडणे एवढेच माझे भांडवल आहे. माझी मुलगी आज याच सभागृहात बसली आहे. तिची परवानगी घेऊनच मी बोलत आहे.

विषय दोन आहेत. बाळाला वरचे अन्न कसे सुरू करावे, हा पहिला. बाळाला शी-शूची सवय कशी लावावी, हा दुसरा. काही बंधू मनात म्हणत असतील की, हे बायकांचे विषय. मीही अगदी असेच म्हणत होतो, आणि माझी पहिली चूक तीच होती.

माझी मुलगी २००९ साली जन्मली. सहाव्या महिन्यात तिचे उष्टावण थाटात झाले. मामाने वाटीतली खीर भरवली, फोटो काढले, पाहुणे जेवून गेले. त्यानंतर रोज काय सुरू झाले? वरणाचे पाणी आणि भाताची पेज. तेही पुष्कळदा बाटलीतून. बाळाला पचायला हलके हवे, असे सगळेच सांगत होते. मी संध्याकाळी बँकेतून आलो की विचारी, "जेवली का?" उत्तर येई, "हो, वाटीभर प्यायली." माझे समाधान होई. बाळ जेवले की प्यायले, हा फरक माझ्या कानाला कधी खटकलाच नाही.

वर्ष झाल्यावर मुलगी फिकट दिसू लागली. सतत किरकिर, खेळण्यात लक्ष नाही, आणि अंगणात सोडली की माती तोंडात. डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "त्या पाण्यात डाळ किती असते?" रोज लाखोंचे हिशेब जुळविणाऱ्या मला त्या एका वाटीचा हिशेब देता आला नाही.

मित्रहो, तो हिशेब मी नंतर समजून घेतला. माझ्या भाषेत सांगतो. पूर्ण दिवसांचे बाळ जन्माला येताना आईकडून लोहाची एक ठेव घेऊन येते. आईच्या दुधातले लोह पचते छान, पण ते असते फार थोडे. म्हणून पहिले सहा महिने बाळ त्या ठेवीवर काढते. या काळात त्याला आईच्या दुधाखेरीज काहीही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. सहा महिन्यांच्या सुमारास ठेव संपत येते. खर्च मात्र वाढतच असतो, कारण शरीर वाढत असते आणि मेंदूही. त्या वेळी खात्यात नवी भर पडली नाही तर काय होणार, हे बँकेतल्या माणसाने सांगायला नको.

दुसरा हिशेब पोटाचा. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅम अन्न मावते. सात किलोच्या बाळाच्या पोटात म्हणजे जेमतेम २०० ग्रॅम. एवढीशी जागा आपण पाण्याने भरली तर अन्न कुठे मावणार? बाळाचे पोट भरते, ते रडत नाही, आणि आपण फसतो. म्हणून एक सोपी कसोटी ध्यानात ठेवा. चमचा तिरका केला तरी जे अन्न चमच्यावर टिकून राहते, ते बाळाचे जेवण. जे लगेच ओघळून जाते, ते पाणी.

मग द्यायचे काय? बाजारातले महाग डबे मुळीच लागत नाहीत. आपल्या देशात १९९२ साली बालअन्नाबाबत कायदा झाला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. दोन वर्षांखालील मुलांच्या अन्नाची जाहिरात करण्यास त्याने बंदी आहे. जाहिरात नसली तरी शेजारीपाजारी डब्याची शिफारस करतातच! आपल्या घरात गुरगुट्या भात आणि घट्ट वरण आहे, नाचणीची लापशी आहे, मऊ खिचडी आहे. त्यात चमचाभर तूप किंवा तेल घालावे. शिजवून कुस्करलेला बटाटा, भोपळा, पालक, केळे द्यावे. जे खातात त्यांनी पूर्ण शिजवलेले अंडे, काटे काढलेली मासळी आणि बारीक केलेली कलेजी अवश्य द्यावी, कारण मासळी आणि कलेजीतले लोह शरीराला चांगले लागते. डाळ-भाजीवर लिंबाचे दोन थेंब पिळले तर त्यातलेही लोह अधिक लागते. चहामुळे मात्र ते कमी लागते. आपल्याकडे बाळाला चहात बिस्कीट बुडवून देण्याची जी हौस आहे, ती आजपासून सोडून द्यावी.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करावी आणि हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत जावे. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. स्तनपान दोन वर्षांपर्यंत चालूच ठेवावे. मीठ-साखरेची घाई नको. मध तर एक वर्षापर्यंत चाटवूसुद्धा नये. त्यात कधी कधी असे जंतू असतात की, त्यांच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडतात. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे घशात अडकतात, म्हणून ती देऊ नयेत. नवी चव बाळाने थुंकली तर रागावू नये. आठ-दहा वेळा समोर आल्यावर कुठे ती त्याच्या ओळखीची होते. मान फिरवली, तोंड मिटले की वाटी बाजूला ठेवावी. नाक दाबून भरवणे हे जेवण नव्हे.

ही केवळ माझ्या घरची गोष्ट आहे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत, सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभर मुलांपैकी ६७ मुलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले होती शंभरात सुमारे ११. यात गरिबीचा वाटा मोठा आहे, हे मी नाकारत नाही. परंतु माझ्या घरात दरमहा पगार येत होता, डाळीचा डबा भरलेला होता, आणि तरीही माझ्या मुलीच्या वाटीत पाणीच होते.

आता दुसरा विषय. आपल्या आज्या काय करीत? पाय पसरून बसत, तान्ह्याला दोन्ही पायांवर बसवीत आणि तोंडाने "शू शू" असा आवाज काढीत. पुष्कळदा बाळ करीतही असे. यात जादू काही नाही. पोटात दूध गेले की मोठे आतडे हलू लागते, म्हणून पाजल्यानंतर थोड्या वेळाने शी होण्याचा संभव अधिक. आजीला बाळाची वेळ, चेहरा, कण्हणे सारे ओळखता येई. पूर्व आफ्रिकेतील डिगो लोकांतही तान्ह्या वयापासून अशीच सवय लावतात, असे १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदले आहे. याउलट अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. ब्रेझल्टन यांनी १९६२ साली मांडले की, मूल स्वतः तयार होईपर्यंत थांबावे.

मग खरे कोणाचे? मला वाटते दोघांचेही, कारण दोघेही मुलाकडे पाहायला सांगतात. आजीच्या पद्धतीत खरे शिक्षण होते ते आजीचे. स्वतःहून रोखून धरण्याची शक्ती मुलात बहुधा दीड वर्षानंतर येऊ लागते. दोन तास कोरडे राहणे, चड्डी खाली ओढता येणे, "शी आली" हे सांगता येणे, या त्याच्या खुणा. बहुतेक मुले दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान दिवसा कोरडी राहू लागतात. रात्रीचे पुढे जमते.

मी मात्र ना आजीचे ऐकले, ना डॉक्टरांचे. मुलगी पंधरा महिन्यांची असताना शेजारच्या मुलाला जमते म्हणून प्लास्टिकचे भांडे आणले आणि तिला त्यावर अर्धा-अर्धा तास बसवू लागलो. ती रडे. एकदा पाहुण्यांसमोर चादर भिजली, तेव्हा मी तिच्यावर ओरडलो आणि हात उगारला. त्या दिवसापासून तिने शी रोखून धरायला सुरुवात केली. रोखली की ती कडक होते, कडक झाली की दुखते, आणि दुखले की मूल आणखी रोखते. पडद्यामागे पाय आवळून उभी राहिलेली ती एवढीशी पोर मला अजून दिसते. डॉक्टर म्हणाले, "भांडे महिनाभर माळ्यावर टाका, पाणी आणि फळे द्या, आणि तुम्ही स्वतः शांत व्हा." तिला सावरायला सहा महिने लागले.

धाकटा मुलगा झाला तेव्हा मी रोज सकाळी त्याला घट्ट वरण-भात भरवून मगच बँकेत जाई. सवयीचे म्हणाल तर, दीड वर्षाचा झाल्यावर न्याहारीनंतर पाच मिनिटे भांड्यावर, पाय जमिनीला टेकलेले, झाली तर शाबासकी, नाही झाली तर उठून खेळायला. एवढाच नियम आम्ही पाळला.

एक गोष्ट विसरू नका. तान्ह्याची शी घाण नसते, हा समज चुकीचा आहे. तिच्यातही रोगजंतू असतात. ती उकिरड्यावर किंवा गटारात न टाकता संडासातच टाकावी. नंतर आणि बाळाला भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. या एका सवयीने पुष्कळ जुलाब टळतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या कडेवर धाकटी भावंडे असतात. आज घरी गेल्यावर बाळाच्या वाटीत चमचा बुडवून तिरका करून पाहा. बंधूंनो, तुम्हीही पाहा. घरी आल्यावर "जेवली का?" असे न विचारता, स्वतः हात धुऊन वाटी हातात घ्या. माझ्या मुलीचे ते पहिले वर्ष मला परत मिळणार नाही. तुमच्या घरातल्या बाळाचे मात्र अजून हातात आहे.